दुपारची गाडी

बाळापूरच्या नबीला लोक रातचा डायवर म्हणायचे. दिवसा काय, कोणीही गाडी चालवतो, असं खुद्द नबीच म्हणायचा आणि म्हणताना मिशीवरून एक बोट फिरवायचा. जवानीत तो धामणगावहून कापसाच्या गाठी भरून राजस्थानात भिलवाड्याकडे ट्रक न्यायचा. क्लीनर घोरत पडलेला, रस्ता मोकळा आणि नबीचे डोळे मांजरासारखे टक्क उघडे. पुढे पाठीनं कुरकुर सुरू केली तेव्हा त्यानं ट्रक सोडला, एक क्रुझर जीप घेतली आणि लग्नाच्या, सहलीच्या सवाऱ्या मारू लागला. दोन्ही पोरींची लग्नं त्याच गाडीवर झाली. अकोला आणि अमरावती, दोन्हीकडे त्याचं नाव होतं, आणि त्या नावाचा त्याला गर्वही होता. तो त्यानं कधी लपवला नाही.

उन्हाळी सहलीचा त्याचा एक कायदा होता. पहाटे अंधारात निघायचं. ऊन चढलं की एखादी धर्मशाळा नाही तर आमराई पाहून गाडी सावलीला लावायची, जेवायचं आणि ताणून द्यायची. दिवस कलला की पुन्हा निघायचं आणि रात्री मस्त गार वाऱ्यात गाडी पळवायची. यानं टायर तापत नाही, इंजिन तापत नाही आणि मागे बसलेल्यांची डोकीही तापत नाहीत. "मे महिन्यात दुपारी गाडी हाकते तो डायवर नाही, दुश्मन व्हय," असं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा. गिऱ्हाइकानं वाद घातला तर म्हणायचा, दुसरी गाडी पाहून घ्या.

तोच नबी यंदा चैत्रात अमरावतीला नत्थुजींच्या ओसरीवर बसला होता, आणि त्याच्या तोंडून निघालं, "या वक्ती आपन दिवसा चालू. सकाळी नाश्ता करून निघू अन् दिवस बुडाच्या आत मुक्कामाले पोचू."

बोलून झाल्यावर तो चहाच्या कपात बघत राहिला.

नत्थुजी मूळचे धामणगावकडचे शेतकरी, आता म्हातारपणी मुलाजवळ अमरावतीत राहायला आलेले. शाळेला सुट्ट्या लागल्या की सगळ्या घराला घेऊन कुठेतरी जायचंच, हा त्यांचा शिरस्ता, आणि जायचं तर नबीच्याच गाडीनं. बारा-पंधरा वर्षं हे असं चाललेलं. नबीनं त्यांना ओंकारेश्वर दाखवलं, पचमढी दाखवली, हैदराबादला नेलं. यंदा मात्र नत्थुजींच्या डोक्यात वाळवंट शिरलं होतं. परतवाड्याहून मेळघाटात चढायचं, धारणीवरून खंडवा, इंदूर, मग उदयपूर, अबूचा डोंगर, आणि शेवटी जैसलमेर. आधी डोंगर, मग वाळू.

"वाळू पाहाले इतक्या दूर?" आशाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पहिल्या दिवशी विचारलं होतं. "पूर्नेत काय कमी हाय वाळू?"

"पूर्नेची तं रेतीवाल्यायनं कवाच नेली," नत्थुजी म्हणाले. मग हसू ओसरल्यावर हळूच म्हणाले, "सारा जल्म काळ्या मातीत गेला वं. पावसात वावरात पाय ठेवला का एकेक किलोचा गोळा पायाले. पायाले चिकटत नाही अशी माती एकदा पाहाची हाय. तुह्यासंगं."

दुसऱ्या दिवशी आशाबाईंनी पेटीतली चांगली लुगडी उन्हात टाकली.

तर त्या दिवशी ओसरीवर मंडळी जमली होती. मुलगा श्याम मोबाइलवर नकाशा उघडून बसलेला. सून आरतीला अबूचा तलाव पाहायचा होता. अकोल्याहून नत्थुजींचे साडू भगवंतराव खास सल्ले द्यायला आले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. नबीला वाटलं, आता आपली चोरी पकडली जाणार. ज्या माणसानं जन्मभर दुपारच्या गाडीला शिव्या घातल्या, तो आज उलटं बोलतोय म्हटल्यावर कोणीतरी विचारणारच, काहून बा?

श्यामनं विचारलंही. "चाचा, दुपारी? मे महिन्यात?"

नबीनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी भगवंतरावच बोलले. "मंग काय झालं? आमी अकोल्याचे लोकं हावो. सत्तेचाळीस डिगरीत लग्नाच्या पंगती वाढतो. ते जैसलमेर आमचं काय करन? तिथलेच लोकं आपल्याले पाहून सावलीत पयतीन!"

सगळे हसले. ऊन सोसण्याच्या बाबतीत वऱ्हाडी माणसाला कोणी कमी लेखलेलं चालत नाही. पारा वर चढला की इथे लोक तक्रार करता करता छातीही फुगवतात. साडूचं बोलणं नत्थुजींना आवडलं. त्यांनी त्यावर आपलीही भर घातली.

"अन् दुसरी गोष्ट सांगतो. तिकडं रातच्यानं रस्त्यावर उंट बसून राह्यते. काळ्या अंधारात उंट दिसन का? नबीनं त्याच्यासाठीच दिवसाचं ठरवलं. हाय का नाही रे नबी?"

नबीनं मान हलवली. "हव. उंटाचं लय भेव हाय तिकडं."

इतकं सोपं होतं ते. त्याला खोटं शोधावंही लागलं नाही. ज्या माणसाचा त्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा, त्यानंच ते तयार करून हातात दिलं. नबीला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच शरम वाटली. आशाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या हसल्या नव्हत्या, हे त्यानं पाहिलं.

खरी गोष्ट अशी होती की नबीला रात्रीचं दिसेनासं झालं होतं.

मागच्या उन्हाळ्यापासून समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती त्याला कडं दिसू लागलं होतं. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. मग फाल्गुनात तो एकटाच धारणीहून परत येत होता. घाट उतरता उतरता झांजड पडली, दिवस बुडून अंधारून आलं. दिवे लावलेले होते आणि रस्ता ओळखीचा होता, म्हणून गाडी वेगात होती. तेवढ्यात माणसांची बोंबाबोंब ऐकू आली. त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी थांबली तेव्हा बैलगाडीचं मागचं लाकूड त्याच्या बोनेटपासून हातभर अंतरावर होतं. गाडीत बाया होत्या, लेकरं होती. त्याला त्यातलं काही दिसलंच नव्हतं. एका म्हाताऱ्यानं येऊन त्याला आईवरून शिवी दिली. नबी एरवी शिवी ऐकून घेणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी तो नुसता हात जोडून बसला.

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, साखरेनं आतला पडदा खराब केलाय. आहे तेवढं टिकवू, गेलं ते परत आणता येणार नाही. दिवसा बेतानं चालवा. अंधार पडल्यावर स्टेअरिंगला हात लावू नका.

हे फक्त त्याच्या बायकोला, रजियाबीला माहीत होतं. अमरावतीहून परत आल्या आल्या तिनं विचारलं, "बोले क्या उनको?"

"नहीं."

"क्यों नहीं? घर के जैसे लोग है वो."

"इसी लिए," नबी म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

नत्थुजींना सांगायचं म्हणजे सगळ्या अमरावतीला सांगायचं. तिकडची निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याच शब्दावर येत. पण पोटापाण्यापेक्षाही दुसरीच गोष्ट नबीला टोचत होती. "नबी असला का मी बिनघोर झोपतो," असं नत्थुजी चारचौघांत म्हणायचे, आणि खरंच झोपायचे. दुसरा कोणी त्याच्याबद्दल असं बोलल्याचं नबीला आठवत नव्हतं. ते वाक्य हातचं जाऊ द्यायला तो तयार नव्हता. दिवसाचा प्रवास आखला की झालं, कोणाचं काही बिघडत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. माणूस अडचणीत सापडला की स्वतःला फार लवकर पटवतो.

बिघडणार होतं ते आशाबाईंचं. मागच्या वर्षी गच्चीवर कुरड्या घालता घालता त्या ऊन लागून पडल्या होत्या. दवाखान्यात सलाइन लावावं लागलं, दोन दिवस त्या माणसं ओळखत नव्हत्या. तेव्हापासून डॉक्टरनं दुपारी बाहेर पडायला साफ मनाई केली होती. नबीला हे ठाऊक होतं. तो स्वतः त्यांना पाहायला दवाखान्यात गेला होता, येताना शहाळी घेऊन. पण ओसरीवर बोलताना ते त्याच्या ध्यानात आलं नाही. निदान त्यानं ते येऊ दिलं नाही. त्याची क्रुझर जुनी, तिला एसी नव्हता. राजस्थानातल्या भर दुपारी त्या पत्र्याच्या डब्यात पासष्टीची बाई कशी बसेल, हा विचार त्याला बाळापूरला परतल्यावर पहिल्याच रात्री आला, आणि मग रोज येत राहिला.

आठवड्यानं नत्थुजींचा फोन आला. "नबी, तुही भाबी नाही म्हनून राह्यली व्हती बे. म्हने मले दुपारचं झेपत नाही, तुमी जा. मी म्हनलं, आपला नबी हाय नं संगं, काही व्हत नाही. मंग तयार झाली."

"नत्थुभाऊ," नबी म्हणाला आणि थांबला.

"बोल नं."

"काही नाही. पान्याचा मोठा जार घेजा म्हनलं."

निघायच्या आदल्या दिवशी नबीनं गाडी घेऊन अमरावतीला यायचं, नत्थुजींकडे जेवायचं, बाहेरच्या खोलीत झोपायचं आणि तिथूनच गाडी सुटायची, अशी रीत होती. दरवर्षी तो संध्याकाळी यायचा. यंदा भर दुपारीच येऊन धडकला. रस्त्यात डांबर पाघळलेलं होतं आणि त्याची बनियन पाठीला चिकटली होती. मूर्तिजापूरला थांबून त्यानं डोक्यावर पाणी ओतून घेतलं. आपण पैलवान गडी, आपली ही गत, मग भाबींचं काय होईल, असं त्याला वाटत राहिलं आणि तरी तो गाडी चालवतच राहिला.

जेवणं उशिरा झाली. वरण, भाकरी, कैरीचं पन्हं. नबी हात धुवायला मागच्या अंगणात गेला. मोरीच्या भिंतीला स्वयंपाकघराची खिडकी. आत आशाबाई सुनेशी बोलत होत्या.

"हे पाय, या पिशवीत ऊन लागू नये म्हनून पांढरे कांदे हायेत. हे चादर गाडीतच ओली करून मह्या आंगावर टाकजो. अन् मले चक्कर आली तं गडबड नको करजो. कुठं सावलीत मले झोपवजा, तू मह्याजवळ थांबजो. पन मागं नका फिरजा. तुह्या सासऱ्यायले वाळूपर्यंत नेजा."

"आई, असं काय बोलून राहिल्या तुमी? मी बाबांले सांगते."

"सांगू नको. किती खूश हायेत ते, पाह्यलं नाही का तू? अन् नबीभाऊनं ठरवलं हाय. त्यायले रस्त्याचं समजते, आपल्याले काय समजते."

नबीच्या हातावरून पाणी तसंच वाहत राहिलं. ही बाई मरायची तयारी करून गाडीत बसणार होती, आणि तीही त्याच्या शब्दावर. नळ बंद न करताच तो ओसरीवर आला. नत्थुजी पानाला चुना लावत होते, श्याम सामान बांधत होता.

"नत्थुभाऊ, मले रातचं दिसत नाही."

नत्थुजी हसले. "तुले नाही दिसत तं मंग कोनाले दिसते?"

"मजाक नाही करून राहिलो. डोळ्याचा पडदा गेला. अंधारात काहीच नाही दिसत. म्हनून दिवसाचं सांगतलं म्या. उंटाचं काही नव्हतं. भाबीले नका नेऊ दुपारी. मह्या गाडीत तं नकाच नेऊ."

एका दमात सगळं बाहेर पडलं. आतलं बोलणं थांबलं. आशाबाई आणि आरती दारात येऊन उभ्या राहिल्या.

नत्थुजींनी पान खाली ठेवलं. "कवापासून?"

"फागुनात समजलं."

"अन् त्याच्या आंधी?"

नबीला इथे खोटं बोलता आलं असतं. फाल्गुनाआधी काही नव्हतं म्हटलं असतं तर कोण पाहायला होतं? पण आता त्याला स्वतःचाच कंटाळा आला होता. "मागच्या उन्हाळ्यात दिव्याभोवती कडं दिसे," तो म्हणाला. "थोडं अंधुक दिसे."

"मागच्या उन्हाळ्यात म्हंजे पचमढी," श्याम मध्येच बोलला. त्याचा आवाज चढला. "रातच्यानं घाट उतरलो आपन. मही पोरगी समोर तुमच्या बाजूले झोपली होती, चाचा. मी मागं झोपलो होतो. सगळेच झोपलो होतो!"

"हव," नबी म्हणाला.

"सुखरूप पोचलो म्हनून नशीब समजायचं का आता?"

"श्याम, चूप बस," नत्थुजी म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं नबीला वाटलं. ते त्याच्याकडे बघत होते, पण अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "डोळे काय, कोनाचेबी जातीन. मह्येबी जातीन उद्या. पन भगवंतरावाले उंटाचं म्या सांगतलं. साऱ्यायसमोर सांगतलं. अन् तू मान हलवली. मी तुह्यासाठी खोटं बोललो नबी, अन् हे मलेच मालूम नव्हतं."

नबीला मान वर करता येईना.

"आशाले कायी झालं असतं तं? मी तिले म्हनलं, नबी हाय नं. मी म्हनलं तिले."

एवढं बोलून ते उठले आणि आत गेले. पान तसंच राहिलं. ओसरीवर कूलरचा आवाज तेवढा येत होता. आशाबाई पुढे आल्या आणि पन्ह्याचा पेला नबीसमोर ठेवला. "घ्या नबीभाऊ. उन्हातून आले तुमी." त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच त्याला सोसवेना. त्यानं पेल्याला हात लावला नाही.

आतून नत्थुजींचा आवाज आला. "श्याम, गाडी तू चालव. त्याले घरी सोडून ये. दिवस मावळाले आला."

आपल्याच गाडीत नबी डाव्या बाजूला बसला. गाडी घेतल्यापासून त्या सीटवर तो पहिल्यांदाच बसत होता. फाटकापर्यंत आरती आली, शेजारचा एक माणूस कुतूहलानं बघत उभा राहिला. नत्थुजी आले नाहीत.

बडनेरा मागे पडलं. मूर्तिजापूरच्या पुढे अंधारून आलं तसा श्यामनं दिवा लावला, आणि नबीसमोरचा रस्ता नाहीसा झाला. समोरून येणारी प्रत्येक गाडी म्हणजे पिवळा भडक डाग आणि त्यामागून काळोख. ट्रक आला की त्याचा पाय आपोआप खाली दाबला जाई, जिथे ब्रेक नव्हता.

"चाचा, पाय ढिला सोडा," श्याम म्हणाला. मग बोरगाव मंजू जवळ आलं तेव्हा म्हणाला, "आईले काही झालं असतं नं, तं मी तुमाले कधी माफ केलं नसतं."

"करूबी नको," नबी म्हणाला.

बाळापूरला गाडी दाराशी थांबली. रजियाबी बाहेर आली. नवरा डाव्या दारानं उतरताना तिनं पाहिलं आणि तिला काही विचारावं लागलं नाही. तिनं श्यामला जेवायचा आग्रह केला, पण तो थांबला नाही. किल्ली तिच्या हातात देऊन एसटीसाठी चालत निघाला.

थोड्या वेळानं रजियाबीचा फोन वाजला. नबीचा नाही, तिचा. नंबर नत्थुजींचा होता. तिनं आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये धरला.

"पोचला का तो?"

"हव, पोचले. श्याम एसटीले गेला."

"बरं. त्याले सांग, दुसरी गाडी ठरवली म्हना. कुंदनची. परवा पहाटे अंधारात निघतो. आशाले दुपारी नेत नाही."

"मी काहून सांगू? हे काय, बाजूलेच बसून हायेत. तुमीच बोला नं."

नबीनं हात पुढे केला. पलीकडे कूलरची घरघर ऐकू येत होती, म्हणजे नत्थुजी अजून फोनवर होते. त्यांचा श्वासही ऐकू आला. नबी हात तसाच धरून बसला.

"आज नाही," नत्थुजी म्हणाले आणि फोन बंद झाला.

नबी खाटेवर बसून पोरासारखा रडला, आणि रजियाबीनं त्याला रडू दिलं.